ऑगस्टची मतपत्रिका कचऱ्यात टाकू नका

गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर मिशिगनमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन दिवस नुसता गदारोळ चालला होता. ज्या शाळेचं सभागृह आम्ही दरवर्षी भाड्यानं घेतो, त्या शाळेनं भाडं जवळजवळ दीडपट केलं होतं. पंगतीसाठी कॅफेटेरिया हवा तर त्यांच्या माणसाचे तासावर पैसे वेगळे. कुणी म्हणालं, हा सरळसरळ वंशभेद आहे. कुणी आपण भरतो त्या घरपट्टीचा आकडा टाकला. एका उत्साही मित्रानं निषेधाचं पत्र लिहिलं, त्याला दोनशेच्या वर अंगठे आले. मी चष्मा शोधला आणि शाळा मंडळाच्या बैठकांची इतिवृत्तं उघडली. भाडेवाढीचा ठराव एप्रिलमध्ये मांडला होता, मे महिन्यात मंजूर झाला होता. दोन्ही बैठका सगळ्यांना खुल्या. तारखा कितीतरी आधी लावलेल्या. आणि नागरिकांच्या म्हणण्याच्या रकान्यात दोन्ही वेळा तेच : कोणी बोललं नाही.

वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

मंडळी, भाड्याचं आपण निभावून नेलं. वर्गणी वाढवली, मोदकांची संख्या कमी केली. पण तेव्हापासून माझ्या डोक्यात जे घोळतंय ते तुम्हाला सांगायचं आहे, आणि थोडं अधिकारवाणीनं सांगणार आहे, कारण मिशिगनमध्ये माझी एकोणतीस वर्षं गेली, त्यातली सोळा नागरिक म्हणून. नोकरी मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, गुणवत्ता तपासणीत. तिथं एक सवय लागली. भाग तुटून आला की तो कुठे तुटलाय हे तर कुणालाही दिसतं. आम्ही पहिला तडा कुठे गेला ते शोधायचो. अमेरिकेतल्या अब्जाधीशांबद्दल, लॉबीवाल्यांबद्दल, विकल्या गेलेल्या राजकारणाबद्दल आपण शनिवारी रात्री जेवताना जे बोलतो, ते तुटलेल्या भागाबद्दल असतं. पहिला तडा बहुधा अशा एखाद्या बैठकीत गेलेला असतो जिथं खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि अशा तारखेला, जी आपण कॅलेंडरवर लिहिली नव्हती.

आमच्याच राज्याची गोष्ट सांगते. २०११ साली मिशिगननं एक कायदा केला. कर्जात बुडालेल्या शहरावर राज्य सरकारनं आपला आणीबाणी व्यवस्थापक नेमायचा, आणि त्यानं महापौर-नगरसेवकांना बाजूला सारून कारभार करायचा. करार मोडायचे, मालमत्ता विकायची, सगळे अधिकार त्याला. लोकांना हे पटलं नाही. कायद्यावर सार्वमत घ्या म्हणून दोन लाखांवर सह्या जमल्या. तेव्हा सार्वमताच्या विरोधकांनी काढलेली हरकत ऐका : अर्जाच्या मथळ्याचा टाइप कायद्यात सांगितलेल्या चौदा पॉइंटांपेक्षा बारीक आहे! तपासणी मंडळात दोन विरुद्ध दोन अशी मतं पडली आणि अर्ज अडकला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. माझ्या आयुष्याची पंचवीस वर्षं मिलिमीटरचे शंभरावे भाग मोजण्यात गेली, तरी दोन लाख लोकांची इच्छा फूटपट्टीवर मोजलेली मी प्रथमच पाहिली. शेवटी ऑगस्ट २०१२ मध्ये न्यायालयानं प्रश्न मतपत्रिकेवर येऊ दिला, आणि नोव्हेंबरात लोकांनी कायदा पाडला.

आपण टाळ्या वाजवल्या आणि थँक्सगिव्हिंगच्या तयारीला लागलो. डिसेंबरात, म्हणजे निवडणूक होऊन गेलेली पण जुनीच विधानसभा अजून खुर्चीत, अशा त्या संधिकाळात, जवळजवळ तोच कायदा नव्या नंबरानं मंजूर झाला. या वेळी त्यात थोड्या सरकारी पैशांची तरतूद घातलेली होती. तरतूद कशाला? मिशिगनच्या घटनेप्रमाणे ज्या कायद्यात खर्चाची तरतूद असते, त्यावर लोकांना सार्वमत मागता येत नाही. दार बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली. राज्यपालांनी नाताळच्या आठवड्यात सही केली. त्या आठवड्यात आपण कुठे होतो ते आठवून बघा. बरेचसे विमानात, मुंबईच्या वाटेवर.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, कारण ते जगभर गाजलं. फ्लिंट. लाखभर वस्ती, निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय, बरीच गरिबी. व्यवस्थापकाच्या अमलाखाली एप्रिल २०१४ मध्ये शहराचं पाणी डेट्रॉइटच्या योजनेवरून काढून फ्लिंट नदीवर टाकलं, खर्च वाचावा म्हणून. पाणी नळांना खाऊ नये म्हणून जे रसायन घालायचं ते घातलंच नाही. जुन्या नळांतलं शिसं पाण्यात उतरलं. लोक तपकिरी पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना जात होते आणि त्यांना सांगितलं जात होतं की पाणी पिण्याजोगं आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात जनरल मोटर्सनं आपल्या इंजिन कारखान्यासाठी ते पाणी बंद केलं. सुट्या भागांना गंज चढत होता. आमच्या धंद्यात ही बातमी लगेच पसरली. लोखंडाची तक्रार ऐकली गेली, लहान मुलांची ऐकायला आणखी एक वर्ष लागलं. हे वाक्य मी त्या वर्षी कारखान्यातल्या चहाच्या टेबलाशी म्हटलं होतं, आणि सगळे गप्प झाले होते. पण बोलून मी घरी गेले. तेवढंच केलं, हेही इथं कबूल करते.

फ्लिंट सुटलं ते कसं, ते आपल्या कामाचं आहे. तिथल्या बायकांनी, लीॲन वॉल्टर्ससारख्या आयांनी, व्हर्जिनिया टेकच्या मार्क एडवर्ड्स यांना गाठलं. शहरातल्या लोकांनी २०१५ च्या उन्हाळ्यात घरोघरी जाऊन नळाच्या पाण्याचे अडीचशेहून जास्त नमुने गोळा केले. कुणी ठरावीक घरंच निवडली असं म्हणायला जागा राहू नये म्हणून वस्त्यांवस्त्यांतून. बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अटिशा यांनी इस्पितळातल्या मुलांच्या रक्तातल्या शिशाचे आकडे जाहीर केले. सुरुवातीला त्यांनाही झिडकारलं. पण आकडे जुळत होते. ऑक्टोबर २०१५ मध्ये पाणी पुन्हा डेट्रॉइटवर आलं. त्यानंतर बासष्ट कोटी साठ लाख डॉलरची भरपाई मंजूर झाली. माजी राज्यपालांसह अनेक अधिकाऱ्यांवर खटले भरले गेले आणि २०२३ पर्यंत एकेक करून सगळे निकालात निघाले. तुरुंगात कोणी गेलं नाही.

माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहतात, गाड्यांच्या लाइनवर उभं राहून निवृत्त झालेले. त्यांचे वडील त्याच फ्लिंटमध्ये १९३६ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या संपात होते. कामगार कारखान्याबाहेर न पडता आतच बसून राहिले, ४४ दिवस, कडाक्याच्या थंडीत. बायका बाहेरून जेवण पोचवत होत्या. फेब्रुवारी १९३७ मध्ये जनरल मोटर्सला त्यांची युनियन मान्य करावी लागली. शेजारीबुवा ही गोष्ट फार अभिमानानं सांगतात, पण शेवटी नेहमी एकच विचारतात, "या ऑगस्टला मत दिलंस का?" मी पहिल्यांदा गोंधळून म्हटलं होतं, निवडणूक नोव्हेंबरात असते ना? त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मला आमच्या साताऱ्याच्या गणिताच्या बाईंची आठवण करून देणारी होती.

आता ऑगस्टचं. सम वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात प्रायमरी होते, म्हणजे प्रत्येक पक्षाचा उमेदवार ठरतो. आमच्याकडचे बहुतेक मतदारसंघ असे आहेत की तिथं एका पक्षाचं तिकीट मिळालं की नोव्हेंबर नुसता उपचार राहतो. म्हणजे खरी निवड ऑगस्टमध्ये होते, जेव्हा अर्धं गाव सुट्टीवर असतं. याचं सर्वांत जवळचं उदाहरण आपल्याच माणसाचं आहे. श्री ठाणेदार, चिकोडीचे, आत्मचरित्रामुळे महाराष्ट्रातल्या घराघरांत ठाऊक. २०१८ मध्ये ते राज्यपालपदाच्या प्रायमरीत उतरले, स्वतःचे एक कोटीहून जास्त डॉलर ओतले आणि तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या तेराव्या मतदारसंघातून अमेरिकी काँग्रेससाठी उभे राहिले. प्रायमरीत नऊ उमेदवार. तेव्हाही त्यांनी घरचे लाखो डॉलर घातले, आणि त्यांच्या मुख्य प्रतिस्पर्ध्याच्या बाजूनं बाहेरच्या एका गटानं आणखी लाखो. ठाणेदारांनी सुमारे २८ टक्के मतांवर ती प्रायमरी जिंकली; बावीस हजारांच्या आसपास मतं. मतदारसंघाची वस्ती साडेसात लाखांच्या वर.

मराठी माणूस काँग्रेसमध्ये गेला म्हणून आमच्या मंडळात पेढे वाटले. मीही खाल्ला. पण त्याच वेळी डेट्रॉइट या कृष्णवर्णीय बहुसंख्येच्या शहराला कित्येक दशकांत प्रथमच काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नव्हता, आणि माझ्या कारखान्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याला ते लागलं होतं. ठाणेदार चांगले की वाईट हा आजचा विषय नाही, त्यावर तुमचं मत तुम्ही ठरवा. मला एवढंच दाखवायचं आहे की बावीस हजार म्हणजे किती थोडे. आपल्या अधिवेशनांना जमणाऱ्या गर्दीशी तुलना करून बघा. इतक्या कमी मतांवर निकाल फिरतो, तिथं पैसा स्वस्तात काम करतो. आणि इतक्या कमी मतांवर निकाल फिरतो, तिथं दोनशे अंगठेही पुष्कळ झाले, फक्त ते व्हॉट्सॲपवर नकोत.

पैशाचं म्हणाल तर त्याला बांध घालायची आशा इथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच मोडून काढली. सिटिझन्स युनायटेडच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी ठरलं की कंपन्या आणि संघटना निवडणुकीत स्वतंत्रपणे हवा तितका खर्च करू शकतात. त्यातून सुपर पॅक नावाचे निधीगट जन्मले. २०२४ मध्ये एकट्या इलॉन मस्क यांनी पंचवीस कोटी डॉलरहून जास्त घातले. पण पुढच्याच वर्षी, १ एप्रिल २०२५ ला, तळ्यापलीकडच्या विस्कॉन्सिनमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका जागेसाठी निवडणूक झाली. मस्क आणि त्यांच्या गटांनी दोन कोटींवर डॉलर ओतले, ग्रीन बेमध्ये स्वतः येऊन दोघांना दहा-दहा लाखांचे चेक दिले. दोन्ही बाजूंचा मिळून खर्च दहा कोटींच्या घरात गेला. त्यांचा उमेदवार दहा टक्क्यांच्या फरकानं पडला. वसंत ऋतूतल्या त्या आडवेळच्या मतदानाला लोक नेहमीपेक्षा कितीतरी जास्त आले, म्हणून. जिंकलेल्या बाजूनंही अब्जाधीशांचे पैसे घेतले होते, हे सांगायला हवं. पैसा दोन्ही अंगणांत चरतो.

तसंच मतदारसंघ आखण्याचं. मिशिगनमध्ये कित्येक दशकं सत्ताधारी आमदारच आपले मतदारसंघ आखायचे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. २०१६ च्या निवडणुकीनंतर केटी फाहे या विशीतल्या मुलीनं फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, की मला हे बदलायचंय, कुणाला यायचं असेल तर कळवा. ती तेव्हा कचऱ्याच्या पुनर्वापरासाठी काम करणाऱ्या एका संस्थेत नोकरीला होती. राजकारणाचा गंध नाही. त्यातून 'व्होटर्स नॉट पॉलिटिशियन्स' उभं राहिलं. आधी गावोगावी सभा घेऊन लोकांना विचारलं, मसुदा त्यानंतर लिहिला. घटनादुरुस्तीसाठी लागत होत्या तीन लाख पंधरा हजारांवर सह्या. पैसे देऊन माणसं न लावता त्यांनी सव्वाचार लाखांहून जास्त जमवल्या. आमच्या जवळच्या महामार्गाच्या विश्रांतीगृहात एक आजोबा क्लिपबोर्ड घेऊन उभे असायचे, गळ्यात मतदारसंघाचा नकाशा, त्याचा आकार मोडक्या छत्रीसारखा. सही मागण्याआधी ते नकाशा समजावून सांगायचे. विरोधक न्यायालयात गेले, तिथंही प्रश्न चार विरुद्ध तीन मतांनीच वाचला. नोव्हेंबर २०१८ मध्ये एकसष्ट टक्के लोकांनी होकार दिला.

त्यातून तेरा नागरिकांचा आयोग आला : चार एका पक्षाकडे झुकणारे, चार दुसऱ्या, पाच कुठलेच नाहीत. निवड जवळजवळ सोडतीनं. राजकारणी, लॉबीवाले आणि त्यांचे सोयरेधायरे बाद. पहिल्या खेपेला नऊ हजारांहून जास्त साध्या लोकांनी अर्ज केले. त्यांचं काम निर्दोष झालं का? नाही. डेट्रॉइटच्या आसपासचे तेरा मतदारसंघ वंशाच्या हिशेबानं आखले म्हणून २०२३ च्या डिसेंबरात फेडरल न्यायालयानं ते पुन्हा आखायला लावले. चुका झाल्या, पण त्या उजेडात झाल्या. जवळजवळ सगळ्या बैठका खुल्या होत्या, म्हणूनच त्या चुका न्यायालयात दाखवता आल्या. इकडे २०२५ मध्ये टेक्सासनं मधेच, जनगणनेची वाट न पाहता, आपले मतदारसंघ एका पक्षाच्या सोयीनं बदलले आणि कॅलिफोर्नियानं उत्तर म्हणून दुसऱ्या पक्षाच्या. ते वाचून मला केटी फाहेच्या त्या दोन ओळींची किंमत जास्त कळली.

आणि डिसेंबर? तो पुन्हा आलाच. २०१८ मध्ये किमान वेतन वाढवण्यासाठी लोकांनी सह्या जमवल्या. विधानसभेनं सप्टेंबरात तो प्रस्ताव स्वतःच मंजूर करून टाकला, म्हणजे तो मतपत्रिकेवर यायला नको. मग निवडणूक उरकली, आणि डिसेंबरात तोच कायदा कापून त्याचं बुजगावणं केलं : २०२२ मध्ये मिळायचे ते बारा डॉलर २०३० वर ढकलले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ही युक्ती घटनाबाह्य ठरवली, पण केव्हा, तर जुलै २०२४ मध्ये. तोवर आपल्याला हॉटेलात पाणी आणून देणाऱ्या पोरांची सहा वर्षं गेली होती. म्हणून माझं सांगणं आहे की नोव्हेंबर संपला की दिवाळीचे दिवे काढता तसं राजकारण काढून ठेवू नका. डिसेंबरचे तीन आठवडे तुमच्या आमदारांच्या कचेरीत फोन करायचे. फोन उचलणारी बहुतेक कॉलेजातली मुलं असतात, ती तुमचं नाव, पिनकोड आणि बाजू लिहून घेतात. दिवसाला पाच फोन आले तरी तिथं चर्चा होते.

आता थोडं कडू. आपण स्वतःला 'सामान्य नागरिक' म्हणतो, पण या देशात भारतीयांच्या घरांचं उत्पन्न सगळ्यांत वरच्यांत मोडतं. कधी आपण अब्जाधीशांवर ओरडतो, कधी त्यांच्याच पगारावर असतो. ॲन आर्बरजवळ सलीन टाउनशिप आहे, दोन-अडीच हजारांची शेतकरी वस्ती. २०२५ मध्ये तिथं ओपनएआय आणि ओरॅकलसाठी प्रचंड डेटा सेंटर उभारायचा प्रस्ताव आला. विजेची भूक १.४ गिगावॉट. सप्टेंबरात टाउनशिपच्या मंडळानं चार विरुद्ध एक मतांनी नकार दिला. लगेच खटला झाला, आणि एवढ्याशा गावाला तो लढणं परवडेना, म्हणून ऑक्टोबरात तडजोड करावी लागली. डिसेंबरात (पुन्हा डिसेंबर!) वीजपुरवठ्याच्या करारांना राज्याच्या आयोगानं सविस्तर सुनावणी न घेताच मान्यता दिली. आमच्या मंडळात ज्यांची रोजीरोटी अशाच सर्व्हरांवर चालते ते बरेच आहेत, त्यांतल्या एकानं मला विचारलं, "काकू, मग आम्ही कुठल्या बाजूचे?" मी म्हटलं, बाजू नंतर ठरव, आधी सभेला ये. डेटा सेंटर वाईटच असतं असं मी म्हणत नाही. पण विजेचं बिल आणि विहिरीचं पाणी ज्यांचं, त्यांनी प्रश्न विचारले तर त्यांना खटला दाखवायचा, हे कुठल्याही बाजूच्या माणसाला खटकायला हवं. शिवाय संगणकाची भाषा बोलणारा एखादा माणूस त्या शेतकऱ्यांच्या शेजारी बसला असता, तर कंपनीच्या वकिलांना सोप्या थापा मारता आल्या नसत्या. हे काम आपल्यापेक्षा चांगलं कोण करेल?

हा हक्क आपल्याला काही सहज मिळालेला नाही. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की भारतीय माणूस नागरिक होऊच शकत नाही. १९४६ च्या कायद्यानं ते दार उघडलं, पण भारतातून नव्यानं यायची परवानगी वर्षाला शंभर माणसांपुरतीच. आणि त्याच्याही कितीतरी आधी, १८७३ मध्ये, पुण्यात बसून जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना. त्यांनी हा देश डोळ्यांनी पाहिला नव्हता. आपण इथं घरं घेतली, तळघरात होम थिएटर बांधलं, आणि टाउनशिपचं ऑफिस कुठे आहे ते आपल्याला गूगलला विचारावं लागतं.

तेव्हा आता कामाचं बोलते.

ज्यांनी नागरिकत्वाची शपथ घेतली आहे, त्यांनी आपल्या शहराच्या किंवा टाउनशिपच्या क्लार्ककडे एकदा अर्ज करून टपाली मतदानाच्या कायमच्या यादीत नाव घालावं. मिशिगनमध्ये २०१८ पासून त्याला कारण द्यावं लागत नाही, आणि आता परतीच्या टपालाचा खर्चही सरकारचा. मग ऑगस्टची मतपत्रिका घरी येते. ती पिझ्झाच्या कुपनांबरोबर येते आणि बहुतेकदा त्यांच्याबरोबरच जाते. ती फ्रिजवर लावा. तिच्यावर दोन पक्षांचे दोन रकाने असतात. कुठलाही एकच निवडायचा. इथून एक, तिथून एक असं केलं तर पक्षाच्या जागांवरचं तुमचं सगळंच मत बाद होतं. सुशिक्षित माणसंही हे करतात. माझ्या नवऱ्यानं केलं होतं, आणि तो प्राध्यापक आहे.

नोव्हेंबरची मतपत्रिका उलटून बघा. वरची दोन-चार नावं तर टीव्हीनं पाठ करून घेतलेली असतात. न्यायाधीश, शाळा मंडळ, गटार-नाल्यांचा कमिशनर हे खाली किंवा मागे असतात, आणि तिथं लोक रिकामं सोडतात. ॲन आर्बरच्या विद्यापीठात मुलाचा नंबर लागावा म्हणून आपण सहावीपासून क्लास लावतो. त्या विद्यापीठाचे रीजंट लोकांच्या मतांनी निवडले जातात, आठ वर्षांसाठी, हे किती आईबापांना ठाऊक आहे? फी तेच ठरवतात. मे महिन्यात शाळांच्या मिलेजचं मतदान लागतं, घरपट्टीत किती भर पडायची ते त्यात ठरतं. त्या दिवशी केंद्रावर गेलात तर तिथले कर्मचारी चहासुद्धा विचारतील, इतका मोकळा वेळ त्यांना असतो.

पटेलच्या दुकानाबाहेर कुणी क्लिपबोर्ड पुढे केला तर आधी वाचा, मग सही. तो माणूस काय सांगतो ते ऐका, पण कागदावर काय छापलंय ते जास्त महत्त्वाचं. पुष्कळदा त्याला सहीमागे पैसे मिळत असतात. घाई करत असेल तर सरळ पुढे जा.

ग्रीन कार्डवाले आणि एच-वन-बीवाले, तुमच्यासाठी वेगळं आणि नीट ऐका. लायसन्सच्या खिडकीवर मतदार नोंदणीचा चौकोन चुकूनही भरू नका, कर्मचाऱ्यानं भरून दिला तरी खोडायला लावा. सह्यांच्या अर्जावर सही करू नका, ती फक्त नोंदलेल्या मतदारांची असते. याची किंमत पुढे नागरिकत्वाच्या अर्जात मोजावी लागते, कधी देश सोडून. एच-वन-बीवर असाल तर कुठल्याही उमेदवाराला देणगीही द्यायची नाही. मात्र सभेला यायला कुठलीच आडकाठी नाही. मिशिगनचा खुल्या बैठकांचा कायदा १९७६ चा आहे. बैठकीत कुणालाही बसता येतं, आणि बसण्यासाठी नाव सांगायची सक्ती करता येत नाही. सध्याचं वातावरण पाहून कुणाला घरीच थांबावंसं वाटलं तर मी त्याला भित्रा म्हणणार नाही. त्यांच्या वाटचं आपण नागरिकांनी जायचं.

बोलायला साधारण तीन मिनिटं मिळतात. मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा दीड मिनिट आभार मानण्यात घालवलं, आणि मुद्द्यावर आले तोवर घंटा वाजली. लिहून न्या. पहिल्याच वाक्यात तुमचा रस्ता कुठला ते सांगा आणि ठरावाला हो की नाही ते सांगा. इंग्रजी उच्चारांची लाज नको, समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांचे आजोबा पोलंड नाहीतर लेबनॉनहून आलेले आहेत. आणि एकटे जाऊ नका. पाच जण गेलात तर मंडळाचे सदस्य कागदांतून मान वर करतात. पंधरा गेलात तर ठराव पुढच्या महिन्यावर जातो, हे मी दोनदा पाहिलं आहे.

भाड्याचं राहिलंच. यंदा मार्चमध्ये आम्ही सात जण शाळा मंडळापुढे गेलो. एका कोरियन चर्चची आणि मुलांच्या एका बास्केटबॉल क्लबची मंडळीही तीच तक्रार घेऊन आली होती, आम्ही एकमेकांना ओळखतही नव्हतो. भाडं कमी झालं नाही. पण ना-नफा संस्थांसाठी वेगळा दर काढायचा ठराव पुढे आला आहे, त्यावर अजून दोन बैठका आहेत, दुसऱ्या सोमवारी, संध्याकाळी सातला. बास्केटबॉलवाल्यांनी आमची जागा धरून ठेवायचं कबूल केलंय, आम्ही बटाटेवडे आणायचं.

मतदारसंघ आखणाऱ्या आयोगाचे नवे अर्ज १ जानेवारी २०३० पर्यंत निघायचे आहेत. मी तेव्हा सत्तरी गाठलेली असेन. नोंदलेला मतदार हवा आणि राजकारणाशी संबंध नको, एवढंच लागतं, आणि मंडळाची खजिनदार होते हे राजकारणात मोजत नसावेत. अर्ज भरणार आहे. तुमच्यापैकी कुणाला भरायचा असेल तर सांगा, आपण एकत्र बसून भरू, माझ्याकडे डायनिंग टेबल मोठं आहे.